शालन चाचणी

दिनांक ८ जून, रविवार. वेळ सकाळी साडेदहा. स्थळ आमच्या सोसायटीची तळमजल्यावरची अभ्यासिका, मुलुंड पूर्व. उपस्थित: अध्यक्ष दळवी, त्यांचे जावई निखिल (खास निमंत्रित), अभ्यासिकेत टायपिंग शिकणाऱ्या चार मुली, त्यांच्यातर्फे बोलणारी सायली, मी (सचिव) आणि तिसऱ्या मजल्यावरचे केळुसकर, ज्यांना कोणीही बोलावलेलं नव्हतं.

विषय एकच होता. अभ्यासिकेतल्या आठ जुन्या कॉम्प्युटरांमध्ये आता काय घालायचं?

केळुसकर म्हणाले, "बांगडा."

इतिवृत्तात मी हे जसंच्या तसं लिहिलं आहे. केळुसकरांचं बोलणं आपल्या शब्दांत लिहायला गेलं की अर्थ बदलतो, हे मी पाच वर्षांत शिकले आहे.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी वंदना कांबळे. दिवसा एका दवाखान्याच्या ऑफिसात नर्सेसच्या ड्युट्यांचे तक्ते बनवते आणि संध्याकाळी सोसायटीची कामं बघते. माझ्या पर्समध्ये एक लांबट वही असते. काम आलं की लिहायचं, झालं की पुढे बरोबरची खूण. पाच वर्षांपूर्वी मी इथे राहायला आले आणि वर्षभरात सचिव झाले, तेव्हा आधीच्या सचिवांनी तेवीस राहिलेल्या कामांची यादी माझ्या हातात ठेवली. त्यातली बावीस मी संपवली. उरलं एक, सात नंबरचं. 'केळुसकर, ३०४: सहसभासदाचे नाव कमी करणे.'

काम अगदी साधं. फ्लॅट केळुसकर आणि त्यांची पत्नी दोघांच्या नावावर. काकू मी यायच्या आदल्या वर्षी गेल्या. सभासदांच्या नोंदवहीत तसा बदल करायचा, त्यासाठी एक फॉर्म आणि एक दाखला द्यायचा. मी फॉर्म सहा वेळा दिला. एकदा त्यांचा चष्मा सापडत नव्हता. एकदा झेरॉक्सवाला गावी गेला होता. एकदा पितृपक्ष होता. एकदा तर त्यांनी मला, फॉर्मची छपाई वाकडी आहे, नीट छापून आण, असं सांगून परत पाठवलं. छपाई खरंच वाकडी होती, म्हणून मी नीट छापून आणली.

तर केळुसकर. वय सत्तरच्या पुढे. वडील वेंगुर्ल्याहून येऊन गिरणीत लागले, हे एका कारखान्यात तपासणी खात्यात. तीस वर्षं त्यांनी तयार माल उलटासुलटा करून बघितला आणि त्यात काय चुकलंय ते कागदावर लिहिलं. रिटायर झाल्यावर माल मिळेना, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर हातात घेतला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात जुन्या कंपनीच्या ओळखपत्राची निळी फीत आणि त्या फितीला लटकलेले अकरा पेनड्राइव्ह. जिन्यात खुळखुळ ऐकू आली की केळुसकर येतायत. आमच्याकडची मांजरं देखील तो आवाज ओळखून बाजूला होतात.

त्या प्रत्येक पेनड्राइव्हवर चिकटपट्टी आणि त्यावर निळ्या पेनाने माशाचं नाव. बांगडा, सुरमई, हलवा, बोंबील, मांदेली, पापलेट.

याचा खुलासा मी पहिल्याच वर्षी मागितला होता. त्यांनी तो असा दिला. कॉम्प्युटर चालवायला मुळात एक प्रणाली लागते. लिनक्स ही फुकट मिळणारी, कोणा एकाच्या मालकीची नसलेली. "समुद्र समज गो," ते म्हणाले. "सगळ्यांचो. जो तो आपली होडी घेऊन जाता, आपल्याक जमता तसा पकडून आणता आणि आपल्या पाटीत मांडता." म्हणजे तेच लिनक्स वेगवेगळी मंडळी आपापल्या पद्धतीने बांधून, सजवून, नाव देऊन वाटतात. त्याला म्हणायचं डिस्ट्रो. अशा शेकडो पाट्या इंटरनेटवर मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर लिहिलेलं असतं की आमचाच माल ताजा.

मग त्यांची खरी नावं का नाही वापरत? तर नाव ही पहिली जाहिरात, म्हणून. केळुसकरांनी पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं की पहिलं काम नाव पुसायचं. त्यानंतर स्वभाव बघून माशाचं नाव ठेवायचं. पापलेट म्हणजे फोटोत छान येणारं, पाहुण्यांसमोर मिरवायचं. सुरमई म्हणजे सगळे जिची स्तुती करतात ती, पण जुन्या मशीनला जड. बोंबील हलका, पण हातात धरला की तुटतो. बांगडा रोजचा, भरवशाचा, ज्याचं कौतुक कोणी करत नाही.

आणि निवडताना त्यांचं एकच वाक्य. "आधी कल्ले बघ."

मासा घेताना डोळे बघू नयेत, डोळ्यांवर पाणी मारता येतं. खवले बघू नयेत, ते बर्फात चकाकतातच. कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघायचं. डिस्ट्रोच्या वेबसाइटचं पहिलं पान म्हणजे डोळे. डोंगरावर लॅपटॉप घेऊन बसलेला एक हसरा पोरगा तिथे कायम असतो. "हा डोंगरावर का बसलाय?" केळुसकर विचारतात. "चार्जिंग कुठे करतो?" मग ते माऊसने खाली, अजून खाली, जिथे कोणी जात नाही तिथे जातात. दुरुस्ती करणारी माणसं किती आहेत. शेवटची दुरुस्ती कधी झाली. पुढे किती वर्षं करणार म्हणतात. कोणी तक्रार केली तर तिला उत्तर देतात की तक्रार करणाऱ्यालाच शहाणपण शिकवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'आम्हाला माहीत असलेल्या अडचणी' असं एखादं पान आहे का. ज्यांच्याकडे ते पान लांबलचक त्यांच्याबद्दल केळुसकरांना आदर. ज्यांच्याकडे ते पानच नाही तिथून ते नाकाला रुमाल लावून बाहेर पडतात.

गंमत म्हणजे दिवसभर मासळी बोलणाऱ्या या माणसाच्या घरातून मासे तळल्याचा वास मला कधीच आला नाही. रविवारीसुद्धा डब्यात वरणभात आणि भेंडी. मी एकदा विचारलं, काका, तुम्ही मासे नाही आणत? "माका त्यातला कळणा नाय," ते म्हणाले आणि पेनड्राइव्ह पुसायला लागले.

आता त्या रविवारच्या सभेकडे येते.

अभ्यासिकेतले आठ कॉम्प्युटर एका बंद पडलेल्या ऑफिसने दिलेले. त्यांत जी नेहमीची प्रणाली होती तिची दुरुस्ती थोड्या महिन्यांत थांबणार होती आणि नवीन प्रणाली त्या मशीनना झेपणारी नव्हती. दळवींचं म्हणणं, खोली रिकामी करून तिथे जिम करू. त्यांच्या पोटाकडे बघता हा विषय त्यांनी मांडावा याचं मला कौतुकच वाटलं. पण मुलींची मराठी टायपिंगची परीक्षा जुलैत होती. सायली सकाळी औषधांच्या दुकानात उभी असते आणि दुपारी इथे येते. तिच्या घरी पाच माणसं, एक टेबल आणि त्या टेबलावर आईचं शिलाई मशीन. तिला सराव करायला दुसरी जागा नव्हती. सभेत तिने हे दोन वाक्यांत सांगितलं आणि खाली बसली.

ठरलं ते असं. जूनअखेरपर्यंत आठही मशीन नीट चालली तर अभ्यासिका राहील, नाहीतर जिम.

निखिल आयटीत आहे, मनाने चांगला मुलगा. त्याने पडद्यावर एक डिस्ट्रो दाखवलं. निळे डोंगर, त्यावर हळूच सरकणारे ढग. 'सुंदर, वेगवान, हलकं, सुरक्षित, सर्वांसाठी, भविष्यासाठी.' म्हणाला, काका, हे नेक्स्ट लेव्हल आहे, झकास चालतं. मुली ढगांकडे बघत राहिल्या. खरं सांगायचं तर मीही.

केळुसकरांनी त्या पानाचा प्रिंट मागितला. खिशातलं पेन काढलं आणि एकेक विशेषण खोडायला सुरुवात केली. सुंदर खोडलं. "कॉम्प्युटर आसा की पैठणी?" वेगवान खोडलं, कशाच्या मानाने ते लिहिलेलं नाही म्हणून. सर्वांसाठी खोडलं, आपल्याला विचारलं नव्हतं म्हणून. शेवटी त्यांनी कागद दळवींच्या हातात दिला. पानभर निळ्या रेघा आणि त्यांतून वाचलेले दोनच शब्द: 'डाउनलोड करा.'

"केळुसकर, तुला सगळ्यात खोट काढायची सवय आहे रे," दळवी म्हणाले. दोघं एकाच वयाचे, चाळीस वर्षांचे शेजारी.

"तीस वर्षां पगार त्याचोच घेतलंय," केळुसकर म्हणाले.

मी मध्ये पडले. एक नंबरच्या मशीनमध्ये निखिलचे डोंगर, दोन नंबरमध्ये केळुसकरांचा बांगडा, आठवडाभर मुलींनी दोन्ही वापरायची, रोज काय झालं ते मी वहीत लिहिणार. सगळ्यांना पटलं.

बांगडा सुरू झाला तेव्हा पडदा करड्या रंगाचा होता, मधोमध एक चौकोन. सायली म्हणाली, "काका, हे तर सरकारी दिसतंय." केळुसकरांनी हे प्रशस्तिपत्र मानलं आणि खुश झाले.

त्याच दिवशी मी त्यांची ती चाचणी नीट बघितली. कुठलंही डिस्ट्रो मशीनमध्ये घातलं की केळुसकर आधी इंटरनेट बघत नाहीत, आवाज बघत नाहीत. एक कोरं पान उघडतात, अक्षराचा आकार मोठ्यात मोठा करतात आणि एक शब्द टाइप करतात.

शालन.

मग चष्मा कपाळावर चढवून पडद्यापाशी जातात आणि बघत राहतात. बराच वेळ. मग एक तर "चालात" म्हणतात, नाहीतर काही न बोलता मशीन बंद करतात.

कारण विचारलं तर त्यांनी खडू घेऊन फळ्यावर काढूनच दाखवलं. मराठी वळणाच्या 'श'ला देठ असतो, हिंदी वळणाच्या 'श'ला गाठ. मराठी 'ल'ला दोन पाकळ्या, हिंदी 'ल' दांड्याला टेकलेला. बरीच डिस्ट्रो 'मराठी आहे' म्हणून छातीठोक सांगतात आणि आत हिंदी वळण देतात, कारण बांधणाऱ्यांनी ते कधी डोळ्यांनी बघितलेलंच नसतं. ही दोन अक्षरं बरोबर आली तर कोणीतरी आपला विचार केलाय असं समजायचं. हे झाले त्याचे कल्ले. फळ्यावरचा त्यांचा 'ल' मात्र जरा वेगळाच होता. डावी पाकळी उजवीपेक्षा मोठी, पसरलेली. मी म्हटलं, काका, हा जरा कलंडलाय. म्हणाले, असाच असतो.

दोन्ही अक्षरं एकाच शब्दात येतात म्हणून हा शब्द घेतला असणार, असं मी धरून चालले. शालन हे बायकांचं नाव असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण पहिलीच्या पुस्तकात कमल असते, तशी ही शालन. मुलींना तर तेवढंही वाटलं नाही. त्यांनी दोन दिवसांत त्याचं क्रियापद केलं. "काका, तीन नंबरचं शालन झालं का?" "वंदनाताई, चार नंबर शालनला अडकलंय." माझ्याही वहीत एक रकाना तयार झाला: मशीन, इंटरनेट, प्रिंटर, शालन.

केळुसकर तेवढे स्वतः कधी तो शब्द उच्चारायचे नाहीत. "तो शब्द टाक गो," एवढंच म्हणायचे.

आठवड्याचा निकाल सांगते. निखिलच्या डोंगरांवरचे ढग पहिल्या दिवशी छान सरकले. तिसऱ्या दिवशी मशीनचा पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. चौथ्या दिवशी सायलीने 'कुऱ्हाड' टाइप केलं, तर 'र' एकीकडे, 'ह' एकीकडे आणि मध्ये ठिपक्यांचं रिंगण. पाचव्या दिवशी काहीतरी अपडेट सुरू झालं आणि सकाळची सगळी बॅच ढगांकडे बघत बसली. शालनमध्ये तर ते पहिल्याच दिवशी नापास होतं, पण केळुसकरांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. निखिल शनिवारी आला, वही वाचली, म्हणाला, "वाट लागली ना काका," आणि जाताना स्वतःच्या घरी पडलेल्या मेमरीच्या चार पट्ट्या देऊन गेला. हा मुलगा मला त्या दिवसापासून आवडतो.

बावीस तारखेपर्यंत आठही मशीनमध्ये बांगडा. आठही शालन झाले. मी वहीत आठ खुणा केल्या. मुली 'कुऱ्हाड' आणि 'तऱ्हा' आणि 'वऱ्हाड' धडाधड टाइप करत होत्या. मी मनात दळवींसमोरचं भाषणसुद्धा तयार केलं होतं.

मंगळवारी, चोवीस तारखेला, मी ऑफिसमधून आले तर मुली अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर बसलेल्या. सायलीचा चेहरा उतरलेला. आत आठही पडदे काळे, त्यावर पांढरी अक्षरं खाली खाली पळतायत. मधोमध स्टुलावर केळुसकर.

बांगड्याचं अपडेट आलं होतं. आतली अक्षरं बदलली होती आणि 'ल'ला दांडा आला होता. केळुसकरांनी आठही मशीन पुसून टाकली होती.

मला राग आला. सहा दिवस राहिलेले, परीक्षा तोंडावर, खोली जाण्याची वेळ, आणि हा माणूस एका पाकळीसाठी सगळं धुऊन बसला. मी निखिलला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, काका, फॉन्ट बदला ना, दोन मिनिटांचं काम आहे.

"आज मी फॉन्ट बदलीन," केळुसकर फोनकडे न बघता म्हणाले. "उद्या अपडेट येतलो, तो परत बदलतलो. परवा परत मी बदलीन. आणि मग? मी नसताना कोण बदलतलो?"

मी फोन बंद केला आणि म्हटलं, "काका, बाहेर मुली रडायच्या बेतात आहेत. एका अक्षरासाठी?"

ते म्हणाले, "एका अक्षरासाठी नाय गो." आणि गळ्यातली फीत काढून एकेक पेनड्राइव्ह टेबलावर मांडायला लागले. मग माझ्याकडे न बघता, जणू पेनड्राइव्हलाच सांगतायत, तसं म्हणाले, "लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी बाजारातून पापलेट आणलंय. असा चकचकीत की विचारू नको. घरातून कल्लो उचलून दाखवल्यानी. आत काळो. तशीच पिशवी घेऊन माका परत पाठवल्यानी. मासेवालीबरोबर भांडाक नाय, शिकाक. त्यानंतर मी कधी मासे आणूक नाय. घरातूनच जायचे."

घरातून म्हणजे काकूंनी, हे मला कळलं. त्या पिढीतले पुरुष असंच म्हणतात. मला वाटलं, विषय बदलतायत.

पुढचे तीन दिवस मी त्यांना फक्त चहा नेऊन दिला. सुरमई झाली, हलवा झाला, बोंबील तर पहिल्या तासात तुटला. शुक्रवारी त्यांनी मांदेली घातली. मांदेली म्हणजे सगळ्यात बारीक मासळी, पाटीच्या कोपऱ्यात पडलेली. तिच्या वेबसाइटवर एकही फोटो नाही. पाच-सहा माणसं ती बांधतात आणि पहिल्याच पानावर आपल्याला माहीत असलेल्या अडचणींची यादी, तीन रकान्यांत. यादी बघून मला त्या माणसांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

कोरं पान. मोठं अक्षर. तो शब्द. केळुसकरांनी चष्मा कपाळावर नेला. मग सगळी अपडेटं चालवली आणि परत तो शब्द. मशीन बंद करून चालू केलं, परत तो शब्द. तीनदा. आम्ही पाचजणी मागे उभ्या, जसं काही दहावीचा निकाल लागतोय.

"चालात," केळुसकर म्हणाले.

शनिवारी संध्याकाळपर्यंत आठही मशीनमध्ये मांदेली गेली. मशीन एक ते आठ, शालन झाले. एकोणतीस तारखेला, रविवारी, दळवी पाहणीला आले. आठ खुर्च्यांवर मुली, दोन बॅचच्या मिळून, आठही मशीन चालू. दळवींनी स्वतः वर्तमानपत्रातला एक उतारा वाचून दाखवला आणि मुलींनी तो टाइप केला. त्यांनी प्रत्येक पडद्यासमोर जाऊन चूक शोधली. सापडली एक, ती त्यांच्या वाचनातली निघाली. मग ते केळुसकरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जिमसाठी गच्ची बघू रे आपण."

मला त्या दिवशी किती अभिमान वाटला ते मी वहीत लिहू शकत नाही, तसा रकाना नाही. पण शेजारच्या दोन सोसायट्यांचे सचिव आमची अभ्यासिका बघायला आले, तेव्हा मी त्यांना आधी केळुसकरांना भेटवलं आणि नंतर कॉम्प्युटर दाखवले. एकाने विचारलं, कुठलं डिस्ट्रो? केळुसकरांनी मांदेली म्हणून सांगितलं. तो माणूस अजून इंटरनेटवर शोधत असेल. सायली जुलैत पास झाली. पेढे घेऊन ती आधी तिसऱ्या मजल्यावर गेली, मग माझ्याकडे आली, आणि मला तेच बरोबर वाटलं.

पाहणीच्या दुसऱ्या दिवशी मी सूचनाफलकावर एक सूचना लावली होती. 'अभ्यासिकेतील आठही संगणकांची शालन चाचणी यशस्वी झाली आहे. श्री. केळुसकर यांचे अभिनंदन. सचिव.' माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर छापलेली. संध्याकाळी बघते तर केळुसकर फलकासमोर उभे. भाजीची पिशवी हातात तशीच. मी मागून म्हटलं, काही चुकलं का काका?

"नाय. बरोबर लिवलंस," ते म्हणाले. मग खिशातून निळं पेन काढून त्यांनी त्या एका शब्दावर काहीतरी केलं आणि खुळखुळत वर गेले. मी जवळ जाऊन बघितलं. छापलेल्या 'श'ची गाठ काढून देठ केला होता आणि 'ल'ला दोन पाकळ्या काढल्या होत्या. डावी मोठी, उजवी लहान. खोड आहे माणसाची, म्हणून मी हसले.

गेल्या रविवारी माझ्याकडे वेळ होता. म्हटलं, केळुसकर काही फॉर्म भरत नाहीत, आपणच भरून नेऊ, त्यांनी फक्त सही करायची. सात नंबरला खूण झाली की आधीच्या सचिवांची यादी संपेल. फॉर्ममध्ये दिवंगत सहसभासदाचं पूर्ण नाव लागतं. ते माझ्या यादीत नव्हतं, म्हणून कपाटातून जुनी नोंदवही काढली. आमची सोसायटी झाली तेव्हाची, कापडी पुठ्ठ्याची. ३०४चं पान उघडलं. दोन सह्या होत्या. पहिली केळुसकरांची, इंग्रजीत, घाईची. खाली दुसरी, मराठीत, शाईच्या पेनाने, शाळेत गिरवल्यासारखी सावकाश काढलेली.

शालन श्रीधर केळुसकर.

'श'ला देठ होता. 'ल'ची डावी पाकळी मोठी होती, उजवी लहान.

मी ते पान किती वेळ बघत बसले ते सांगता येणार नाही. शेजारी माझी लांबट वही उघडी होती. त्यात माझ्याच अक्षरात, आठ वेळा, एकाखाली एक: शालन, झाले. शालन, झाले.

दाराशी खुळखुळ ऐकू आली. मी नोंदवही मिटली.

"काय सेक्रेटरीबाई," केळुसकर म्हणाले. "आज काय काय राहिलाहा?"

"सात नंबर," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरच्या कोऱ्या फॉर्मकडे बघितलं, मग मिटलेल्या नोंदवहीकडे, मग खिडकीकडे. "चष्मो खंय ठेवलंय कोण जाणे," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

"सापडला की बघू काका," मी म्हटलं. "घाई नाही."

ते अभ्यासिकेकडे गेले. तिथून नवीन बॅचमधल्या कोणीतरी विचारलेलं ऐकू आलं, की काका, सहा नंबरचं शालन परत करायचं का. त्यांचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

फॉर्म मी फाईलमध्ये परत ठेवला. नंतर वहीचं नवीन पान उघडून या महिन्याची कामं उतरवून काढली. पाण्याची टाकी धुणे. जिन्यातला दिवा. सूचनाफलकाची काच. आणि त्यांच्या खाली जुना नंबर तसाच ठेवून:

७. केळुसकर, ३०४: सहसभासदाचे नाव कमी करणे. बाकी.